धान्याचे कोठार आणि मजुराचा वाटा

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या वाटेवर पापनाशम लागते. गावालगत तिरुप्पालैत्तुरै येथे पालैवननाथराचे प्राचीन शिवालय आहे आणि त्या देवळाच्या आवारात विटांनी बांधलेले, वर निमुळते होत गेलेले एक अवाढव्य धान्याचे कोठार उभे आहे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तंजावरच्या नायक राजांच्या काळात ते बांधले गेले. त्यात 3000 कलम भात मावत असे. बारा मरक्कालांचा एक कलम, हे तिकडचे माप. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात देऊळ म्हणजे केवळ पूजास्थान नव्हते. ते जमिनीचे मालक होते, धान्याचे भांडार होते आणि अडचणीच्या वर्षी बियाणे पुरविणारी पेढीही होते. कोठारात धान्य कोणाच्या घामाने आले आणि त्यातले कोणाला किती मिळाले, हा प्रश्न मात्र विटांच्या त्या भिंती सांगत नाहीत.

भूतलावरील संपत्ती मुळात सर्वांसाठी आहे. खाजगी मालकी न्याय्य असली तरी त्या मूळ हेतूला ती बांधलेली आहे, हे कॅथलिक सामाजिक शिकवणुकीतील एक पायाभूत तत्त्व होय. माणसाची प्रतिष्ठा, सर्वांचे हित, परस्परांची बांधिलकी, खालच्या पातळीवर जे होऊ शकते ते वरच्या सत्तेने हिरावून न घेण्याचा दंडक, आणि दुर्बलांना अग्रक्रम ही तिची इतर अंगे. 15 मे 1891 रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले तेथून या शिकवणुकीचा आधुनिक इतिहास मोजण्याचा प्रघात आहे. तो इतिहास बहुधा युरोपातील कारखाने, खाणी आणि कामगार संघटना यांच्या संदर्भात सांगितला जातो. पण या तत्त्वांची खरी कसोटी पाहायची तर जेथे मजूर हा केवळ निर्धन नसून अस्पृश्यही आहे, अशा भूमीकडे वळावे लागते. पापनाशमच्या आसपासचा भातशेतीचा मुलूख ही तशी भूमी आहे.

मराठी वाचकाला या मुलखाची भाषा सर्वस्वी परकी वाटू नये. 1676 पासून 1855 पर्यंत, प्रारंभी सत्तेने आणि अखेरच्या अर्धशतकात नावापुरते का होईना, येथे भोसल्यांचे राज्य होते. जमीनदाराला येथेही ‘मिरासदार’च म्हणत. त्याच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला मजूर तो ‘पण्णैयाळ’. पण्णै म्हणजे शेतवाडी, आळ म्हणजे माणूस. आपल्याकडील सालगड्याशी त्याचे नाते जोडता येईल. परंतु सालगड्याला निदान साल संपल्यावर दुसरे घर पाहता येई, पण्णैयाळाला तेही अवघड होते. तो बहुधा पळ्ळर अथवा परैयर जातीचा असे आणि त्याची वस्ती गावाबाहेर असे.

या मजुराची कहाणी एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारती या ब्राह्मण कवीने ‘नंदनार चरित्तिरम्’ या आख्यानात गायिली. शिवभक्त नंदनाची मूळ कथा बाराव्या शतकातील ‘पेरियपुराणम्’मध्ये आहे, चोखामेळ्याशी तिचे साम्य मराठी मनाला सहज जाणवते. पण जुन्या कथेत नसलेले एक पात्र भारतींनी निर्माण केले : नंदनाचा ब्राह्मण मालक. चिदंबरमला देवदर्शनाला जाण्याची परवानगी हवी असेल तर चाळीस वेली जमिनीचे काम आधी उरक, अशी अट तो घालतो आणि एका रात्रीत शिवकृपेने ते काम पार पडते. भक्तीच्या आड कोण उभा आहे, याचे एवढे स्पष्ट चित्र त्या काळच्या भक्तिवाङ्मयात क्वचितच आढळेल. पुढे तंजावर कृष्ण भागवतर यांनी हेच आख्यान हरिकथेतून लोकप्रिय केले, आणि त्या हरिकथेच्या घडणीत साकी, दिंडी, ओवी हे मराठी कीर्तनाचे प्रकार मिसळले होते, ही गोष्ट मराठी कीर्तनपरंपरेच्या अभ्यासकांनी नजरेआड करण्यासारखी नाही.

गोपालकृष्ण भारतींच्या मायवरम परिसरातच, आज ज्याला मयिलाडुदुरै म्हणतात तेथे, वेदनायकम पिळ्ळै हे कॅथलिक गृहस्थ मुन्सफ होते. त्यांचा जन्म 1826 मध्ये तिरुचिरापल्लीजवळच्या कुळत्तूरचा. कोर्टात दप्तर सांभाळण्यापासून त्यांनी नोकरीला आरंभ केला आणि ते न्यायासनापर्यंत पोहोचले. ‘नीतिनूल’ हा त्यांचा पद्यग्रंथ 1859 चा; स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार त्यांनी हिरिरीने केला; लाचखाऊ अंमलदारांवर त्यांनी पद्यांतून कोरडे ओढले. 1879 मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची ‘प्रताप मुदलियार चरित्तिरम्’ ही तमिळमधील पहिली कादंबरी मानली जाते. मराठीतील पहिली कादंबरी समजली जाणारी ‘यमुनापर्यटन’ (1857) बाबा पदमनजींसारख्या ख्रिस्ती लेखकाची असावी आणि तमिळमधील पहिलीही एका ख्रिस्ती लेखकाचीच असावी, हा केवळ योगायोग नव्हे. दोघांनाही समाजाकडे आतून आणि बाहेरून, अशा दोन्ही जागांवरून पाहणे भाग पडले होते. फरक इतकाच की, पदमनजी धर्मांतरित प्रॉटेस्टंट होते, तर वेदनायकम जन्माने कॅथलिक होते आणि भोवतालच्या शैव पंडितांशी त्यांचे निकटचे स्नेह होते. महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांनी त्यांच्यावर ‘कुळत्तुक्कोवै’ हे काव्य रचले. याच महाविद्वानांकडे शिकायला पापनाशमजवळच्या उत्तमधानपुरमचा एक तरुण आला. तमिळच्या प्राचीन ग्रंथांना पुनर्जन्म देणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर ते हेच. त्या वर्तुळातील माणसांची ओळख आज आपल्याला होते ती पुष्कळशी अय्यरांच्या आठवणींतून.

1876 ते 1878 या वर्षांत मद्रास इलाखा, म्हैसूर आणि दख्खन महादुष्काळाने होरपळून निघाले. पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. कावेरीच्या कालव्यांमुळे तंजावरचा प्रदेश इतर जिल्ह्यांइतका उजाड झाला नाही. पण भाव गगनाला भिडले आणि भुकेलेल्यांचे लोंढे भात पिकणाऱ्या गावांकडे वळले. वेदनायकम पिळ्ळैंनी आपल्या जवळचे द्रव्य भुकेल्यांसाठी खर्च केले, दुष्काळावर कीर्तने रचली. आणि गोपालकृष्ण भारतींनी त्यांच्या दातृत्वाचे गुणगान करणारे पद रचल्याचे सांगतात. नंदनाचा मालक रंगविणाऱ्या कवीला एका मुन्सफाची स्तुती करावीशी वाटली, यात बरेच काही आले.

त्याच दुष्काळात दुसरी एक घटना घडली आणि तिचे धागे थेट महाराष्ट्रापर्यंत येतात. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून पाहणीस निघालेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी 1877 च्या आरंभी दुष्काळी कामावरील मजुराची रोजी दीड रतलावरून एक रतल धान्य आणि वर थोडे पैसे, इतकी खाली आणली. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर कष्ट करणारे शरीर तगणार नाही, असे बजावले. मुंबई इलाख्यातील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. हेच टेंपल पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने 1877 मध्ये धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र उघडले ते याच काळात. एका बाजूला स्वतःची ठेव रिती करणारा माणूस, दुसऱ्या बाजूला मजुरी म्हणजे जीव टिकविणारे किमान वजन असे मानणारी राज्यव्यवस्था : दया आणि न्याय यांच्यातील अंतर यापेक्षा स्पष्टपणे दिसणे कठीण.

‘रेरुम नोव्हारुम’ चौदा वर्षांनी आले ते नेमके या अंतराविषयी बोलणारे होते. मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने ठरविलेली मजुरी म्हणजे न्याय्य मजुरी, हे त्या काळी सर्वत्र मान्य असलेले अर्थशास्त्र लिओ यांनी नाकारले. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचा निर्वाह ज्यातून होत नाही ती मजुरी, त्याने गरजेपोटी पत्करली तरी, अन्यायाचीच ठरते. कारण भुकेने दिलेली संमती ही खरी संमती नव्हे. कामगारांनी संघटना उभाराव्यात, हाही त्यांचा नैसर्गिक हक्क मानला गेला. मात्र त्याच पत्रात समाजवादावर कडक टीका होती आणि खाजगी मालकीचे ठाम समर्थन होते. पत्र कारखान्यातल्या मजुराला उद्देशून होते. पण्णैयाळ त्यात नव्हता. जात तर नव्हतीच.

जात नव्हती, पण जातीचा प्रश्न रोमला ठाऊक नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. येथे ख्रिस्तसभेच्या स्वतःच्या घराकडे पाहणे प्राप्त आहे. रोबेर्तो द नोबिली हे येशूसंघीय 1606 मध्ये मदुरैला आले आणि त्यांनी ब्राह्मण संन्याशाचा वेष, आहार व आचार स्वीकारला. 1623 मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी जानवे व शेंडी यांसारख्या चिन्हांना, त्यांना धार्मिक अर्थ न देता, मुभा दिली. वरच्या जातींसाठी संन्यासी आणि इतरांसाठी ‘पंडारस्वामी’ असे धर्मगुरूंचे दोन वर्ग पुढे निर्माण झाले. तंजावर व मरव प्रदेशात फिरलेले आणि 1693 मध्ये ओरियूर येथे शिरच्छेद झालेले जॉन द ब्रिटो हे पंडारस्वामीच होते. धर्मगुरू परैयरांच्या घरी जाऊन आजाऱ्यांचे संस्कार करीत नाहीत, यावर 1704 मध्ये पुदुच्चेरीत पोपचे प्रतिनिधी द तुर्नों यांनी बोट ठेवले आणि ते थांबविण्याचा हुकूम काढला. त्यावर चाळीस वर्षे वाद चालला. 1744 मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी हुकूम कायम केला, पण त्याबरोबर परैयरांसाठी वेगळे धर्मगुरू नेमण्याच्या तोडग्याला मान्यता दिली.

द नोबिलींच्या विद्वत्तेविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागेल की, हा तोडगा फार महाग पडला. संस्कृतीशी जुळवून घेण्याच्या नावाखाली विषमतेशीच जुळवून घेतले गेले. एकाच छपराखाली वेगळी बसण्याची जागा, वेगळी स्मशानभूमी, दलित वस्तीत न शिरणारा सणाचा रथ, हे प्रकार तमिळनाडूतील अनेक गावांत विसाव्या शतकातही टिकून राहिले. माणूस ईश्वराच्या प्रतिरूपात घडलेला आहे, म्हणून त्याची प्रतिष्ठा कोणीही दिलेली नाही व कोणी काढूनही घेऊ शकत नाही, ही जी सर्व सामाजिक शिकवणुकीची पहिली पायरी, तीच येथे निसटती होती.

न्याय्य मजुरीची मागणी त्रिभुज प्रदेशात प्रत्यक्ष उभी केली ती, म्हणूनच की काय, दुसऱ्यांनी. दक्षिण कानडातून आलेले बी. श्रीनिवास राव हे कम्युनिस्ट कार्यकर्ते 1943 च्या सुमारास तंजावर जिल्ह्यात उतरले. पण्णैयाळाला चाबकाने मारणे, शेण कालवलेले पाणी पाजणे या शिक्षा तेव्हा चालू होत्या. त्या बंद करविणे ही संघटनेची पहिली लढाई होती. मजुरीचे माप वाढविणे ही दुसरी. 1952 मध्ये राजाजींच्या सरकारने तंजावर कुळे व पण्णैयाळ संरक्षण वटहुकूम काढला. त्याने कुळाला उत्पन्नाचा दोन पंचमांश वाटा दिला आणि मजुराला मनमानी बडतर्फीपासून संरक्षण दिले. पण तो लागू झाला एका गावात एका वेलीहून, म्हणजे सुमारे 6⅔ एकरांहून, अधिक जमीन असलेल्या मालकांनाच. नंदनाचे चाळीस वेली आठवणाऱ्याला कायद्यातील हे माप वाचताना थबकायला होते. अनेक मालकांनी बांधील मजूर काढून रोजंदारीने माणसे लावण्यास सुरुवात केली.

इकडे रोमच्या पत्रांत शेतमजूर हळूहळू दिसू लागला होता. 1961 च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’त जॉन तेविसावे यांनी शेतीच्या मागासलेपणावर सविस्तर लिहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये संमत केलेल्या दस्तऐवजात तर मोठमोठ्या जमिनी, त्यांवर राबणारे आणि माणसाला न शोभणारी मजुरी मिळविणारे लोक, मध्यस्थांकडून होणारी त्यांची लूट, यांचे जे वर्णन आहे ते तंजावर डोळ्यांपुढे ठेवून लिहिले असावे असे वाटण्याइतके जवळचे आहे. 1967 मध्ये पॉल सहावे यांनी ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’त मालमत्तेचा हक्क निरपेक्ष नाही असे स्वच्छ शब्दांत सांगितले. 1968 मध्ये लॅटिन अमेरिकेतील बिशप कोलंबियात मेदेयीन येथे जमले आणि गरिबांच्या बाजूने उभे राहण्याची भाषा तेथून रूढ होत गेली.

त्याच वर्षी, 25 डिसेंबर 1968 च्या रात्री, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावात 44 दलितांना एका झोपडीत जिवंत जाळण्यात आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. वाद होता कापणीच्या मजुरीत अर्धे माप भात वाढवून मिळण्याचा आणि लाल बावटा उतरविण्याचा. 1973 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आरोपी मिरासदारांना दोषमुक्त केले. जमीनजुमला असलेले, मोटारी बाळगणारे प्रतिष्ठित लोक स्वतः चालत जाऊन आग लावतील हे संभवनीय वाटत नाही, असा तर्क निकालात होता. ती रात्र नाताळची होती. मारले गेलेले लोक ख्रिस्ती नव्हते आणि त्यांचा झेंडा 1891 च्या पत्राने निषेधिलेल्या विचाराचा होता. परंतु त्यांची मागणी त्या पत्राने न्याय्य ठरविलेली मागणी होती.

महाराष्ट्रात या शिकवणुकीला वेगळी माती मिळाली. वसईच्या मराठीभाषक कॅथलिक समाजात मोन्सेन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने 1918 मध्ये सहकारी पतसंस्था निघाली आणि तीच पुढे बसीन कॅथलिक बँक झाली. पोप पायस अकरावे यांनी खालच्या संस्थेचे काम वरच्या सत्तेने बळकावू नये हे तत्त्व सूत्ररूपाने मांडले ते 1931 साली. वसईतील बागायतदार सावकाराच्या पाशातून स्वतःच्या बळावर सुटू लागले होते ते त्याआधी तेरा वर्षे. पण वसईचा कॅथलिक शेतकरी पुष्कळ अंशी जमिनीचा धनी होता. अहमदनगर जिल्ह्यात परिस्थिती तंजावरला अधिक जवळची होती : तेथील कॅथलिक मुख्यतः महार आणि मांग समाजांतून आलेले, कोरडवाहू तुकड्यावर किंवा मजुरीवर जगणारे. 1948 मध्ये भारतात आलेले स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी तेथे जात-धर्म न पाहता गावच्या पाणलोटाचे काम उभे केले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत माती अडवायची, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळायची, आणि निर्णय गावच्या समितीने घ्यायचा, ही त्याची रीत. कामाचे मोल मोठे आहे. तरीही साठलेले पाणी विहिरीच्या मालकाकडे आधी जाते आणि चराईबंदीची झळ भूमिहीन शेळीवाल्याला आधी लागते, ही अडचण अशा प्रत्येक योजनेत पुन्हापुन्हा डोके वर काढते. कोठार भरणे एक, त्याची वाटणी दुसरी.

तमिळनाडूत प्रश्न अखेर ख्रिस्तसभेच्या दाराशी आला तो दलित ख्रिस्ती लोकांनीच आणला म्हणून. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती दलितांना मिळाल्या नाहीत. सरकारकडे ही दाद मागताना, आपल्या धर्मात जात आहे हे आधी कबूल करावे लागत होते. 1982 मध्ये तिरुचिरापल्ली येथे भरलेल्या भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने जातिभेदाला ख्रिस्ती धर्मात स्थान नाही असे निःसंदिग्धपणे जाहीर केले. नोव्हेंबर 2003 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तमिळनाडूतून आलेल्या बिशपांना दलितांना वेगळे काढले जाऊ नये, असे सुनावले. 1704 च्या हुकुमानंतर तीनशे वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली. डिसेंबर 2016 मध्ये बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि त्यात भेदभाव घडतो हे मान्य केले. ऑगस्ट 2022 मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले.

या सर्व दस्तऐवजांच्या मधोमध एक लहानसे पुस्तक आहे. बामा या दलित कॅथलिक स्त्रीचे ‘करुक्कु’ हे आत्मकथन 1992 मध्ये निघाले. ताडाच्या पानाच्या करवतीसारख्या कडेला तमिळमध्ये करुक्कु म्हणतात. ‘बलुतं’ आणि ‘जिणं आमुचं’ वाचलेल्या मराठी वाचकाला त्यातले गाव ओळखीचे वाटेल. अनोळखी वाटेल ते कॅन्व्हेंट. गोरगरिबांची सेवा करायची म्हणून बामा जोगीण झाल्या आणि सात वर्षांनी व्रत सोडून बाहेर पडल्या. देव नम्र, सोशिक आणि क्षमाशील आहे हे आपल्याला पुन्हापुन्हा शिकविले गेले. तो न्यायी आहे, अन्यायावर संतापतो, हे मात्र कोणी शिकविले नाही, अशी त्यांची तक्रार आहे. वेदनायकम पिळ्ळैंच्या कादंबरीपासून तमिळमधील ख्रिस्ती लेखन येथवर यायला एकशे तेरा वर्षे लागली. ‘करुक्कु’मध्ये बामांची आजी मालकाच्या घरी पहाटेपासून राबते, दिवस संपल्यावर घरातली बाई तिच्यापुढे शिळा भात दुरून, वरून टाकते आणि पाणीही वरूनच ओतते. आजीला त्यात वावगे काही दिसत नाही. ते पाहणाऱ्या नातीला दिसते.